ओट्याच्या कोपऱ्यावरची फ्रेम

रानशेत
१८ नोव्हेंबर २०२४

चंद्रिका,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण आपल्या घराची रेंज तुला माहीत आहे. ती ओट्याच्या डाव्या कोपऱ्यावरच येते आणि त्या कोपऱ्यावर बाबांची बाज आहे. तिथे उभं राहून तुझ्याशी बोलायचं म्हणजे बाबांच्या कानातच बोलायचं. मी "हॅलो चंद्रिका" म्हटलं की ते खोकायला लागतात. मागच्या वेळी खोकून खोकून त्यांना खरंच खोकला लागला आणि आईने काढा मलाच करायला लावला. म्हणून हे पत्र. तुझा दादा जीपने कासापर्यंत नेईल, तिथून माझा भाऊ दिपक टेम्पो घेऊन तलासरीला येतो, तो तुझ्या खोलीवर टाकेल. म्हणजे तुझा दादा आणि माझा भाऊ, दोघांचाही पहिल्यांदाच काहीतरी उपयोग.

काम असं आहे. कासाला एका डॉक्टरांच्या खोलीत आईने भिंतीवरची ती फ्रेम पाहिली, ज्यात फोटो आपोआप बदलतात. तेव्हापासून तिने धोशा लावला आहे. तिचं म्हणणं, "सगळे फोटो तुझ्या मोबाईलात कोंडलेत. मला बघायचे असले की माझ्या हाताला पीठ असतं, नाहीतर तुझा मोबाईल चार्जिंगला असतो." खरं आहे ते. तू इंजिनियर, तेव्हा चांगली फ्रेम निवडून दे. बाबांनी विचारलं तर दिपकने आणली असं सांगू.

बाबा तुझं नाव घेत नाहीत. तू काही विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहिते. काल शेजारची तानी हंडा घेऊन ओट्यासमोरून गेली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "तुझा सासरा सांगतो, हातावरचा नारळ जिथे उभा राहिला तिथे पाणी. तुझी नणंद साऱ्या पाड्यासमोर सांगते, नारळ बोटांनीच उभा राहतो. माझा शुक्रा दोघांनाही घाबरतो, म्हणून विहीर खोदत नाही. बापलेकीचं भांडण आणि हंडा माझ्या डोक्यावर!" बाबा ऐकत होते. खोकलेसुद्धा नाहीत.

तुझी वहिनी,
सुषमा

तलासरी
२१ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

पत्र मिळालं. पाकिटावर विनोददादाच्या ग्रीसचं बोट आहे, पण पाकीट उघडलेलं नाही. त्याला तसं कळव.

फ्रेम दोन प्रकारच्या मिळतात. एकीत मेमरी कार्ड घालायचं, त्यावरचे फोटो ती दाखवत राहते. दुसरी इंटरनेटवर चालते, तिला कुठूनही फोटो पाठवता येतात. आपल्या घरासाठी पहिली योग्य. कारण उघड आहे: इंटरनेट फक्त ओट्याच्या कोपऱ्यावर येतं आणि तो कोपरा रिकामा नाही. कार्डाची फ्रेम स्वयंपाकघरात टांगता येईल, आईच्या समोर.

तरी निवडण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात. भिंतीवर ऊन कधी येतं? जवळ प्लग आहे का आणि तो किती उंचीवर आहे? लाकडी चौकट चालेल का, की वाळवी अजून आहे? पडद्याला हात कोण कोण लावणार? तुम्ही सगळे मोबाईल उभा धरून फोटो काढता, फ्रेम मात्र आडवी असते. उभा फोटो आडव्या फ्रेममध्ये भरला की डोकी कापली जातात. हे आईला आधीच सांगून ठेव.

शुक्राकाकांच्या शेतात मी जे बोलले ते चूक नव्हतं. माणूस नारळ हातावर घेऊन उभा राहिला की बोटं नकळत हलतात. नारळ उभा राहिला म्हणजे खाली पाणी आहे, असं होत नाही. इशारा मिळणं आणि गोष्ट असणं यात फरक असतो. मी दिवसभर कारखान्यात हेच तपासते. माणूस आला की दिवा लावणारे डोळे आम्ही बनवतो आणि दिवा लागला तेव्हा माणूस खरंच आला होता का, ते मी बघते.

तानीकाकींच्या हंड्याचं वाईट वाटतं.

चंद्रिका

रानशेत
२५ नोव्हेंबर २०२४

नणंदबाई,

फ्रेम मागितली तर तू पेपरच काढलास. घे उत्तरं.

स्वयंपाकघर बाद. चुलीच्या धुरात गेल्या वर्षीचं कॅलेंडर वाचता येत नाही, फोटो काय दिसणार? वाळवी आहे आणि मजेत आहे, तेव्हा लाकूड नको. हात सगळेच लावणार. आई कणकेचा लावेल, तुझा दादा डिझेलचा, आणि शेजारची पोरं बोरं खाऊन लावतील. तेव्हा हात लावला की काहीतरी होतं असली फ्रेम नको. दादाला गाणी वाजवणारी हवी आहे. त्याला मी सांगितलं, जीपमध्ये वाजतात तेवढी पुरे. आईला मोठी हवी. किती मोठी विचारलं तर तिने सूप दाखवलं. डोकी कापली जातात हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "विनोदचं कापलं तर चालेल, चंद्रीचं नको."

म्हणजे तुझे फोटो लागणार. ते कार्डावर घालून तू दिपककडे देणार, तो ते टेम्पोत हरवणार, मग तू दुसरं देणार. त्यापेक्षा नेटवालीच घे. प्लगही ओट्यावर त्या कोपऱ्यातच आहे, खाली, भाताचं माप जेवढं उंच तेवढ्यावर. त्याच्या जरा वर फळी मारू. ऊन फक्त सकाळी येतं. राहिली बाबांची बाज. बाज म्हणजे काही देऊळ नाही.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. बाबांना उगाच जळणारा दिवा बघवत नाही. परवा आम्ही जेवत असताना त्यांनी बल्ब बंद केला. म्हणाले, "तोंड कुठे आहे माहीत नाय काय?" दिवसभर चालू राहणारी फ्रेम ते पहिल्याच दिवशी उपटतील. याला तुझ्याकडे काही उपाय आहे का?

सुषमा

तलासरी
६ डिसेंबर २०२४

वहिनी,

फ्रेम दिपकबरोबर पाठवली आहे. काय निवडलं आणि का, ते लिहिते, म्हणजे नंतर तक्रार नको.

सुपाएवढी नाही, ताटाएवढी आहे. याहून मोठी घेतली तर तुमचे मोबाईलचे फोटो फुटके दिसतील. काच चमकणारी नाही, त्यामुळे सकाळच्या उन्हातही चेहरे दिसतील. चौकट प्लास्टिकची. हात लावून काही होत नाही, फक्त डाग पडतात. कोरड्या फडक्याने पुसा. उभे फोटो ती न कापता दाखवते, दोन्ही बाजूंना काळी पट्टी येते. म्हणजे विनोददादाचंही डोकं वाचलं. गाणी आहेत, पण ती मी बंद करून ठेवली आहेत आणि सुरू कशी करायची ते सांगणार नाही. सोबत फ्रेमला नेट देणारं छोटं डोंगल आहे, ते त्याच प्लगवर.

बाबांच्या सवयीवर उपाय आहे. या फ्रेमला आमच्या कारखान्यात असतो तसा डोळा आहे. समोर काही ऊबदार हललं की ती जागी होते. दहा मिनिटं काहीच हललं नाही की झोपते. उगाच जळणार नाही. ही गोष्ट बाबांना सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

ती जागी असली की माझ्या मोबाईलवर एक हिरवा ठिपका दिसतो. ही सोय मी मागितली नव्हती, सोबत आली.

माझे थोडे फोटो टाकले आहेत. एकात मी पिवळं हेल्मेट घालून आहे. तो चुकून गेला, पण राहू दे.

चंद्रिका

रानशेत
११ डिसेंबर २०२४

चंद्रिका,

फ्रेम लागली! फळी तुझ्या दादाने मारली, म्हणून ती जरा उतरती आहे, पण आई म्हणते सगळे फोटो चढावर उभे राहिल्यासारखे दिसतात, छान वाटतं.

तुझ्या फ्रेमने आमचं नाक मात्र कापलं. मी सगळ्यांसमोर नीट सांगितलं, दिपकने आणली, मोठ्या हौसेने आणली. दिपकही मान हलवत उभा. एवढ्यात तुझ्या दादाने बटण दाबलं आणि पडद्यावर ही एवढाली अक्षरं आली: "चंद्रिका यांच्याकडून नवीन फोटो". बाबा चौथी शिकलेत, हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्यांनी सावकाश वाचलं आणि दिपकला विचारलं, "तुझं नाव बदललं काय?" दिपक चहा न पिता गेला.

बाकी उत्तम चाललं आहे. आई कणीक तिंबायला परात घेऊन ओट्यावरच बसते. तानी दोनदा येऊन गेली. ती म्हणते तिचाही फोटो लावायचा, हंडा डोक्यावर घेतलेला. "बापाला रोज दिसू दे आणि लेकीलाही." मी काढला आहे, पाठवला की टाक. न टाकून सुटका नाही.

बाबा ओट्यावरच असतात.

सुषमा

तलासरी
२२ डिसेंबर २०२४

वहिनी,

तानीकाकींचा फोटो टाकला. हंडा पूर्ण दिसतो.

एक माहिती हवी आहे, तांत्रिक. सकाळी ठिपका दिसतो तेव्हा आई असते, हे समजलं. संध्याकाळी तुम्ही सगळे असता. पण दुपारी आई आत झोपते, तू अंगणवाडीत, विनोददादा जीपवर. त्या वेळीही ठिपका लागलेला असतो. रोज. विझतो, लगेच लागतो. मी जेवणाच्या सुट्टीत बघते. सुरुवातीला वाटलं डोळा बिघडला, पण रात्री तो नीट विझतो, तेव्हा बिघाड नसावा.

दुपारी ओट्यावर कोण असतं?

चंद्रिका

रानशेत
२७ डिसेंबर २०२४

चंद्रिका,

दुपारी ओट्यावर बाबा असतात. दुसरं कोण असणार?

घाईत लिहिते, दादा जीप सुरू करून हॉर्न वाजवतोय. आईने तुझ्यासाठी नागलीच्या पापड्या दिल्यात. दिपक वाटेत खाईल, म्हणून पिशवीला गाठ मारली आहे.

सुषमा

तलासरी
४ जानेवारी २०२५

वहिनी,

गाठ होती, पापड्या अर्ध्या होत्या.

आमचा कारखाना राज्याच्या हद्दीच्या पलीकडे, त्यामुळे आम्हाला उतराणची सुट्टी मिळते, म्हणजे आपल्या संक्रांतीची. मी सकाळच्या बसने चारोटीला उतरेन आणि कासाहून दादाच्या जीपने घरी येईन. बाबांना आधी सांगितलंस तरी चालेल.

घरी यायचं मी इतके दिवस टाळलं, कारण जिथे आपल्याकडे कुणी बघणार नाही तिथे जाऊन बसण्यात अर्थ नाही असं माझं मत होतं. आता तसा पुरावा राहिलेला नाही. रोज दुपारी दोन-दोन तास कुणी उगाच फोटो बघत नाही. माझ्या टेबलावर मोबाईल उभा करून ठेवला आहे. शेजारची मुलगी विचारते, "कोणाचा मेसेज येणार आहे?" मी सांगते, चाचणी चालू आहे.

बाबांना हातमोजे घेतले आहेत. थंडीत त्यांची बोटं आखडतात.

चंद्रिका

रानशेत
६ जानेवारी २०२५

चंद्रिका,

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. खरं लिहिते, मग तुला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

त्या कोंबड्या आहेत.

परवा अंगणवाडीतून लवकर आले, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आपली तांबडी आणि तिच्या मागे सगळी पलटण फ्रेमखाली फिरत होती आणि वर तू हेल्मेट घालून. फ्रेम लागली त्या दिवशी बाबांनी बाज फिरवली आणि फ्रेमकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून बसले, हे मी तुला लिहिलं नाही. "बाबा ओट्यावरच असतात" एवढंच लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण तू इतकी हुशार, एवढी मोजूनमापून बोलणारी, तू हिरव्या ठिपक्यावर हातमोजे घेशील असं मला वाटलं नव्हतं.

तरी तू ये. आई तिळाचे लाडू वळते आहे.

सुषमा

तलासरी
८ जानेवारी २०२५

वहिनी,

शिव्या द्यायचं कारण नाही. चूक वाचनाची आहे.

कोंबडीचं अंग माणसापेक्षा गरम असतं. फळी खाली आहे, म्हणजे डोळ्याची नजर जमिनीलगत. आलेल्या कोंबड्या तो माणसं म्हणूनच मोजणार. आमच्या कारखान्यात असा दिवा लागला की मी तक्त्यात "खोटा इशारा" लिहिते आणि याच कामाचा पगार घेते. शेजारच्या मुलीला सांगितलं, चाचणी संपली.

संक्रांतीला येत नाही. सुट्टीत इकडेच थोडं काम काढलं आहे. हातमोजे दिपककडे देते. ते तूच आणलेस असं सांग. आधी फ्रेमवर माझं नाव येत नाही ना, एवढं बघ.

कोंबड्या ओट्यावर येऊ देऊ नका. बाकी फ्रेमबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

चंद्रिका

रानशेत
१७ जानेवारी २०२५

चंद्रिका,

तू आली नाहीस, संक्रांत झाली. आईने तुझे लाडू डब्यात ठेवलेत आणि डबा माझ्यापासून लपवला आहे.

तू सांगितलंस म्हणून मी कोंबड्या हाकलायला गेले. सूप आपटलं, हुश्श हुश्श केलं. आणि काय सांगू, बाबा माझ्यावरच ओरडले! "राहू दे त्यांना! काय खातात तुझं?" कोण बोलतंय हे? ज्या माणसाने तांबडीला ओट्यावर पाय ठेवला म्हणून काठी फेकून मारली होती, तो! मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "वय झालं. म्हातारपणी जिवावर माया जडते."

मायाच असेल, कारण त्यांना तिथे बोलावतात कोण, तर बाबाच. काल मी दाराआडून पाहिलं. बाबा तांदळाच्या कण्या कनवटीला बांधून बसतात. बाजही आता रस्त्याकडे नाही. रोज थोडी थोडी फिरते. मी विचारलं तर म्हणाले, ऊन लागतं. दुपारी आपल्या ओट्यावर ऊन येतं का, सांग! बसतात कसे ते तुला माहीत आहे. विहिरीची जागा बघताना नारळ घेऊन जसे उभे राहतात, तसेच बसूनही. पापणी हलत नाही, अंगावरची माशी कंटाळून उडून जाते. मग फ्रेम झोपली की एकदा खोकतात. फ्रेम खोकल्याने कुठली उठते? मग इकडे बघतात, तिकडे बघतात, कुणी नाही ना पाहतात, आणि मूठभर कण्या फळीखाली टाकतात. तांबडी धावत येते, मागून बाकीच्या येतात. बाबा पुन्हा दगड.

आईला वाटतं कासाला डॉक्टरांना दाखवावं. तुला काय वाटतं?

हातमोजे दिले. मी आणले म्हटल्यावर त्यांनी आत हात घालून बघितला आणि म्हणाले, "माप बरोबर आहे. तुला कसं कळलं?" मी आत पळाले.

सुषमा

तलासरी
१९ जानेवारी २०२५

वहिनी,

डॉक्टरांना दाखवू नका. बाबा ठीक आहेत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कारखान्यातून तसाच एक डोळा आणून खोलीत लावून बघितला. त्याच्यासमोर स्टुलावर बसले. बसताना दिवा लागला. मग मी हलले नाही. दहा मिनिटांनी तो विझला. मी समोर होते, जिवंत होते, त्याच्याकडेच बघत होते, आणि त्याच्या हिशेबी खोलीत कुणी नव्हतं.

या डोळ्याला माणूस दिसत नाही, हालचाल दिसते. जो माणूस न हलता बघतो तो त्याला दिसतच नाही. आपल्या घरात असा माणूस एकच आहे आणि फ्रेम निवडताना मी ऊन धरलं, वाळवी धरली, डिझेलचे हात धरले, तेवढं धरलं नाही. बाजेवरून उठून फ्रेमसमोर हात हलवला असता तर ती उठली असती. पण बाबा माझ्या फोटोसमोर हात हलवणार नाहीत, कुणी बघत नसलं तरी. म्हणून कोंबड्या.

म्हणजे दुपारचा ठिपका कोंबड्यांमुळेच लागत होता आणि तरी तो खोटा नव्हता. तक्त्यात याला रकाना नाही.

आज मी इथूनच सेटिंग बदललं आहे. फ्रेम सकाळी उठेल आणि अंधार पडल्यावरच झोपेल, समोर कुणी असो वा नसो. त्यामुळे माझा ठिपकाही दिवसभर लागलेला राहील आणि त्यावरून मला काहीच कळणार नाही. चालेल. बाबांनी बटण बंद केलं तर करू दे, अडवू नकोस.

सोबतची चिठ्ठी बाबांना दे. त्यांनी विचारलं तरच वाचून दाखव.

चंद्रिका

(सोबतची चिठ्ठी)

बाबा,

बोलताना मी तुला "तू" म्हणते, कागदावर "तुम्ही" येतं. राग मानू नका.

समोरचं माणूस हललं नाही तर ती फ्रेम त्याला ओळखत नव्हती. आता ती बंद होणार नाही. कण्या टाकायची गरज नाही.

शुक्राकाकांच्या शेतात मी बोलले ते मला अजूनही बरोबर वाटतं. पुन्हा सांगायची वेळ आली तर ओट्यावर सांगेन, आपण दोघंच असताना.

चंद्रिका

रानशेत
२४ जानेवारी २०२५

चंद्रिका, हे पत्र बाबा सांगतात आणि मी लिहिते. कंसातलं माझं. त्यांना वाटतं मी फक्त त्यांचंच लिहिते आहे.

चंद्री,

तुझी चिठ्ठी सुनेने वाचून दाखवली. (दोनदा. पहिल्यांदा ऐकू आलं नाय म्हणाले.) कण्या मी कोंबड्यांसाठी टाकतो. कण्या टाकल्या की अंडी वाढतात. (वाढलेली नाहीत.) तुझ्या फ्रेमचा त्यात काय संबंध नाय.

फ्रेम आता दिवसभर जळते. लाईटचं बिल कोण भरणार? (मी विचारलं, बंद करू का? तर म्हणाले, "हात लावशील तर बघ." जेवताना बल्ब बंद करणारा माणूस!)

पिवळं टोपडं घातलेल्या फोटोत तू वाळलेली दिसतेस. तिकडे भात देत नाय काय? तो फोटो येतो आणि लगेच जातो. तानीचा हंडा मात्र हलत नाय. याचं काय ते बघ. (सगळे सारखेच थांबतात. मी सांगितलं. पटत नाही.)

हातमोजे कुणी घेतले ते मला माहीत आहे. माझ्या हाताचं माप या घरात कुणाला माहीत नाय. नारळ धरायला शिकवला तेव्हा हातावर हात ठेवून एकच पोर शिकली होती. (हे तू मला कधी सांगितलं नाहीस, चंद्रिका!)

शुक्रा होळीच्या आधी खोदायचं म्हणतो. काल तानीने त्याला माझ्यासमोर आणून उभा केला. त्याला मी सांगितलं, आम्ही दोघं येऊ. तू तेव्हा म्हणालीस ते, जमिनीत वीज सोडून पाणी बघायचं यंत्र आण. मी नारळ आणतो. तू बांधाकडून सुरू कर, मी ओहोळाकडून. आपापली जागा बघायची, खुंटी मारायची. तोवर बोलायचं नाय. (का, विचारलं. "बोललं की मोजायचं राहतं.")

दोघांची खुंटी एका जागी आली तर शुक्राने खोदावं.

नाय आली तर...

(थांबलेत. अजून थांबलेत. तुला माहीत आहे ते कसे बसतात. तांबडी येऊन बघून गेली. चहा थंड झाला.)

नाय आली तर घरी येऊ, जेवू, आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊ. तेव्हा एका दिवसाच्या सुट्टीवर येऊ नको. कपडे घेऊन ये.

(सही स्वतः करतात म्हणाले. खालचंही त्यांनीच लिहिलं आहे, मला बघू न देता. तरी मी बघितलं.)

बाबा

ता. क. शेतावर जाताना कोंबड्या घरी कोंडून ठेवू. तुझ्या यंत्राचा भरवसा नाय.